मार्थाबाईंचा फिरकीचा तांब्या

मार्थाबाईंचा फिरकीचा तांब्या मी एकदा चोरून उघडून पाहिला होता. मधल्या सुट्टीत मुली चिंचेखाली गेल्या होत्या आणि वर्ग रिकामा होता. झाकण घट्ट होतं. फिरवून काढलं तर आत पाणी. वास घेतला, वास नव्हता. बोट बुडवलं, पण जिभेला लावायचा धीर झाला नाही. ते पाणी कुणाच्या घरचं हे मला ठाऊक होतं. बोट पदराला पुसलं आणि झाकण होतं तसं लावून ठेवलं. नुसतं पाहून ते पाणी प्यायचं आहे की आणखी कशाचं, हे काही कळेना.

मी मुळातच संशयी. दुधात बोट बुडवून पाहिल्याशिवाय गवळ्याला जाऊ द्यायची नाही. भाजीवालीनं तराजूच्या पारड्याखाली चिंच चिकटवली नाही ना, हे वाकून बघायची. आमचे हे म्हणायचे, "तुला देव भेटला तरी त्याला आधी ओळख पटवायला सांगशील." ते गमतीनं म्हणायचे. मला ती स्तुती वाटायची.

लोणावळ्याच्या मिशनच्या शाळेत मी लागले ती एकोणीसशे तीसच्या सुमाराला. ह्यांची नोकरी रेल्वेच्या कचेरीत, आणि मी पुण्याहून ट्रेनिंगची परीक्षा देऊन आलेली. शाळेच्या मराठी शाखेत निम्म्या मुली ख्रिस्ती, बहुतेक रेल्वेतल्या माणसांच्या; निम्म्या आपल्या. आपल्या लोकांनी मुली निर्धास्त पाठवाव्यात म्हणून फादरांना एक हिंदू बाई हवी होती, ती मी. गावातल्या चार प्रतिष्ठितांची एक सभा होती. तिचे पुढारी एक वकील होते. माझी नेमणूक झाल्यावर ते मुद्दाम घरी आले.

"हे लोक मरणाच्या दारातली पोरं गुपचूप बाटवतात," ते म्हणाले. "डोक्यावर पाणी घालायचं, दोन शब्द पुटपुटायचे, झालं. तुम्ही आत आहात, वहिनी. डोळे उघडे ठेवा."

हे मला सांगावंच लागत नव्हतं. मी दुसऱ्या दिवशी एक वही घातली.

त्या वहीत सगळ्यात जास्त पानं मार्थाबाईंची. तेव्हा त्या चाळिशीच्या असतील. उंच, सावळ्या, हाडापेरानं मजबूत. निळ्या काठाचं पांढरं लुगडं, आणि पदराच्या आत टाचलेला बोटाच्या पेराएवढा क्रूस. लग्नानंतर वर्षातच नवरा गेला, तेव्हापासून मिशनच्या शाळांतून शिकवत आलेल्या. नगर जिल्ह्यातल्या. घराणं मूळचं गावकुसाबाहेरचं, आजोबांच्या वेळेला ख्रिस्ती झालेलं. धर्म बदलला म्हणून गावची विहीर काही त्यांना उघडी झाली नव्हती. वाटेत कुणी घोटभर पाणी देत नसे, म्हणून तो तांब्या सदैव बरोबर. इतकं साधं कारण माझ्या डोळ्यांसमोर होतं. पण साधं कारण समोर असलं की माझ्यासारखीला ते पटत नाही.

त्यांच्या सवयीही अशा, की संशयाला खतपाणीच मिळावं. शिवणाच्या पिशवीत हात घालून तासन्‌तास बोटं हलवायच्या. वहीत मी लिहिलं: 'पिशवीत काहीतरी मोजतात. काय?' पुढे कळलं की दोऱ्याच्या रिळांमध्ये जपमाळ असायची. खडूचे हरभऱ्याएवढे तुकडे सुपारीच्या डबीत साठवायच्या आणि ते संपल्याशिवाय नवा खडू घ्यायच्या नाहीत. चार शेंगदाणे तोंडात टाकायचे असले तरी आधी क्रुसाची खूण. कुणी काही मागितलं, मग ती रजा असो की शाईची दौत, तर म्हणायच्या, "शब्द देत नाही. जमलं तर बघते." आणि दुसऱ्या दिवशी दौत टेबलावर असायची. मला ते लबाडाचं बोलणं वाटायचं. सरळ माणूस हो म्हणतो, नाही म्हणतो. हे 'बघते' काय?

धर्मशिक्षणाच्या तासाला आपल्या मुली माझ्याकडे ओसरीवर शिवण घेऊन यायच्या आणि मार्थाबाई आतून वर्गाचं दार लावून घ्यायच्या. हे दार माझ्या डोळ्यांत खुपायचं. चांगली गोष्ट शिकवायला दार कशाला लावावं लागतं? मी मुलींना धावदोरा घालायला सांगून दाराशी कान द्यायची. आत प्रश्नोत्तरी चालायची. म्हाताऱ्या फादरांची शिस्त अशी, की प्रश्न पुस्तकातला आणि उत्तरही पुस्तकातलं, अक्षरही इकडचं तिकडे नाही. देव कुठे आहे? देव सर्वत्र आहे. मुली पाढ्यांसारखं म्हणायच्या. एकदा मार्थाबाईंनी मध्येच थांबवलं.

"पुस्तक मिटा गं. देव सगळीकडे आहे, मग विहिरीवर आहे का?"

"आहे," सगळ्या ओरडल्या.

"मग मी गेले तर मला तिथून हाकलतात कसे?"

मग एका मुलीचा बारीक आवाज आला, "देव आहे बाई. पण पाटीलपण आहे."

मार्थाबाई इतक्या हसल्या, की मलाही दाराबाहेर हसू आवरेना. त्या दिवशी वहीत काही लिहिलं नाही. फादरांच्या कानावर मात्र ते गेलं. त्यांनी मार्थाबाईंना बोलावून, पुस्तकात नसलेला प्रश्न विचारू नये, अशी ताकीद दिली. फादर युरोपातल्या कुठल्याशा डोंगराळ मुलखातले, मराठी पोथीवरून शिकलेले. "पाया भरताना शंका विचारू नये, मार्था," असं काहीतरी ते म्हणाले. त्यावर मार्थाबाईंनी मान डोलावली आणि पुढच्या आठवड्यात पुन्हा पुस्तक मिटलं.

मग सुंदरेचं प्रकरण झालं. सुंदरा गवळ्याची पोर, आपल्यातली. घरी भावाचा पाळणा हलवताना ती ख्रिस्ती मुलींची मारियेची प्रार्थना गुणगुणायला लागली. दाराआडून ऐकून पाठ झाली होती बिचारीची. बाप काठी घेऊनच आला. मार्थाबाई त्याला सामोऱ्या गेल्या आणि म्हणाल्या, "चूक माझी. पुन्हा तिच्या कानावर पडणार नाही. शब्द दिला." दुसऱ्या दिवसापासून धर्मशिक्षणाचा तास मागच्या लाकडांच्या खोलीत. तिथे वरून गळायचं, मुली टोपली उलटी घालून बसायच्या. फादर चिडले. आपला धर्म आपण सरपणात का ठेवावा, म्हणाले. मार्थाबाई म्हणाल्या, "आईबापांना शब्द दिलाय, फादर."

मी वहीत लिहिलं: 'तास आता आणखी लांब हलवला. कारण?' आज ते पान आठवलं की मला माझीच लाज वाटते.

शनिवारी शाळा सुटली की मार्थाबाई औषधांची पिशवी आणि तांब्या घेऊन गाडीनं कामशेतला उतरायच्या आणि तिथून आंदर मावळात चालत जायच्या. डोळ्यांचे थेंब, क्विनीन, खरजेचं मलम. तिकडे डॉक्टर नावाची चीज नव्हती. एकट्या जातात, आजारी पोरांपाशी बसतात आणि जवळ पाणी असतं; वकिलांना आणि मला आणखी काय हवं होतं? भाद्रपदातल्या एका शनिवारी मी म्हटलं, "मी येऊ का बरोबर?"

त्यांनी माझ्याकडे क्षणभर पाहिलं. मी का येते हे त्यांना कळलं असावं. "या की," त्या म्हणाल्या. "चपला मात्र जुन्या घाला."

भातखाचरांच्या बांधांवरून आम्ही चाललो. वाटेतल्या एका घरात मला, अगदी परक्या बाईला, गूळपाणी मिळालं. मार्थाबाई अंगणाच्या कडेला उभ्या राहून आपल्या तांब्यातलं पाणी वरून प्याल्या. मला ओशाळल्यासारखं झालं, पण फार नाही.

त्या गावात कोंडाबाई नावाची शेतकरी घरातली बाई होती. नवरा मुंबईला गोदीत, घरी ती आणि दहा महिन्यांचं मूल. मुलाला चार दिवस हगवण लागलेली. मार्थाबाईंना घरात घ्यायचं नाही म्हणून तिनं मूल पडवीत गोधडीवर आणून ठेवलं होतं. त्याचे डोळे खोल गेले होते, टाळू बसली होती. रडायचंही त्राण नव्हतं. कोंडाबाईनं आधी मार्थाबाईंच्या तांब्याकडे पाहिलं.

"बाई, औशीद द्या. पर तुमचं पानी माज्या लेकराच्या डोक्याला लावायचं न्हाई. माझी आन हाय तुमाला."

"न्हाई लावणार," मार्थाबाई म्हणाल्या. "शब्द दिला."

दुपारभर त्या वाटीतलं कोंडाबाईच्या घरचं उकळलेलं साखरपाणी चमच्यानं त्याच्या तोंडात सोडत होत्या. ते ओठांच्या कडेनं बाहेर यायचं. घरातलं पाणी संपलं. कोंडाबाई चूल फुंकायला आत गेली. विहिरीवर जायला मार्थाबाईंना परवानगी नव्हती, म्हणून घागर मी उचलली. जाऊन यायला फार तर पाव तास लागला असेल.

परत आले तेव्हा तांब्याचं झाकण बाजूला पडलं होतं. मार्थाबाईंचा पदर टोकाशी ओला होता. ओठ हलत होते. आणि मूल गेलं होतं.

कोंडाबाईचा हंबरडा अजून माझ्या कानात आहे. पण खरं सांगायचं तर त्या वेळी त्या हंबरड्यापेक्षा मला तो ओला पदर मोठा दिसला. अखेर सापडलं, असं मला वाटलं. घागर खाली ठेवायच्या आधीच माझ्या मनात सगळं जुळून गेलं होतं. रविवारी सकाळी मी ह्यांना सांगितलं, आणि दुपारपर्यंत ते वकिलांकडे पोचलं.

सोमवारी शाळेच्या ओसरीवर वीसेक माणसं जमली. फादर बाकाशी उभे होते, पांढरी दाढी छातीवर आलेली. त्यांनी मार्थाबाईंना बोलावलं.

"मार्था, सत्य सांग. त्या बालकास तू बाप्तिस्मा दिलास काय?"

मी फादरांच्या तोंडाकडे पाहत होते. मार्थाबाईंनी हो म्हणावं असं त्यांना मनापासून वाटत होतं. त्यांच्या शिकवणीत बाप्तिस्म्यावाचून मेलेल्या तान्ह्याला नरक नव्हता, पण देवाचं दर्शनही नव्हतं, कधीच नाही. मुलाचा जीव जात असेल तर कुणाही ख्रिस्ती माणसानं त्याच्या डोक्यावर पाणी घालावं, हे कर्तव्य. दाराशी कान देऊन मीच ते ऐकलं होतं. मार्थाबाईंनी हो म्हणावं असं वकिलांनाही वाटत होतं. कारण वेगळं, पण दोघांनाही हवं होतं तेच उत्तर.

"नाही," मार्थाबाई म्हणाल्या.

"त्याचे प्राण जात आहेत हे तुला ठाऊक होते?"

"होतं."

"जवळ पाणी होते?"

"होतं, फादर. पण त्याच्या आईला शब्द दिला होता."

फादर बाकावर बसले. एखाद्याच्या घरातलं माणूस गेल्याची तार यावी तसा त्यांचा चेहरा झाला. वकील मोठ्यांदा हसले. "साफ खोटं! पदर ओला होता बाईंचा. साक्षीदार आहे आमच्याकडे."

सगळे माझ्याकडे वळले. मार्थाबाईही. त्या नजरेत राग असता तर बरं झालं असतं.

"ओला होता," मी म्हटलं.

एवढंच बोलले मी, आणि त्यात एक अक्षरही खोटं नव्हतं. मार्थाबाई काही बोलतील म्हणून मी वाट पाहिली. त्यांनी फक्त टेबलावरची खडूच्या तुकड्यांची डबी उचलली आणि वर्गात गेल्या.

आपल्या मुली शाळेतून काढल्या गेल्या. फादरांनी आठ दिवसांत मार्थाबाईंना नगरकडच्या एका खेड्यातल्या शाळेत पाठवलं. तिथे एकच खोली आणि तिचं छप्पर गवताचं, असं ऐकलं. त्या गेल्यावर मुली हळूहळू परत आल्या. वकिलांनी सभेत माझं कौतुक केलं. मी घरी येऊन वही माळ्यावर टाकली. का, ते मला तेव्हा नीट सांगता आलं नसतं.

मार्गशीर्षात एके दिवशी शाळेच्या फाटकाशी कोंडाबाई उभी. डोक्यावर फडक्यात बांधलेले नवे तांदूळ.

"त्या बाई कुटं हायेत? त्यास्नी आनलेत."

मी सांगितलं की त्यांची बदली झाली. मग विचारलं, "अगं, त्यांनी तुझ्या मुलाला पाणी लावलं, तरी तांदूळ आणलेस?"

"कुनी लावलं? म्या दारात हुबी हुते की!" कोंडाबाई म्हणाली. "चुलीचा धूर झाला म्हून दारात आलते. त्यांनी झाकान काडलं, बोटं भिजिवली. हात माज्या लेकराच्या कपाळापतूर न्हेला. माजा जीव कसानुसा झाला, पर तोंडातनं शबूद फुटंना. मंग त्यांनी हात मागं घेतला. बोटं पदराला पुसली. अन् लय रडल्या, बाई. त्यांचंच लेकरू जावं तशा."

"मग हे तू आधी का नाही सांगितलंस?"

"मला कुनी इचारलं?"

खरंच, विचारलं नव्हतं. गवळ्याच्या दुधात बोट बुडवणाऱ्या मला, ज्या आईचं मूल गेलं तिला एकदा विचारावं हे सुचलं नव्हतं. मी तिथेच फाटकाला धरून उभी राहिले. तांदूळ तिनं माझ्या हातात दिले आणि "धाडा त्यास्नी" म्हणून निघून गेली.

मी वकिलांकडे गेले. ते म्हणाले, "मिटलंय ते आता, वहिनी. उगाच कशाला उकरता?" मी फादरांकडे गेले. त्यांनी सगळं ऐकलं आणि डोळे मिटले. "म्हणजे तिने सत्यच सांगितले होते," ते म्हणाले. "ती असत्य बोलली असावी, अशी मी रोज आशा करीत होतो." तांदूळ मी मिशनच्या माणसाबरोबर पाठवले. बरोबर पत्र पाठवायचं होतं. तीनदा लिहिलं, तीनदा फाडलं.

पुढे म्हातारे फादर इथेच वारले. युद्धाच्या दिवसांत त्यांच्या जागी वसईकडचे एक तरुण फादर आले. आपल्याच मुलखातले, मराठी बोलणारे. जमिनीवर सतरंजी घालून शिकवायचे आणि मुलींना उलट प्रश्न विचारायला लावायचे. लाकडांच्या खोलीत सरपण परत गेलं. पुस्तक मिटून शिकवणं मार्थाबाईंनी आधीच केलं होतं, असं मी त्यांना एकदा सांगितलं. म्हणूनच मार्थाबाई मोतीबिंदू काढायला मुंबईला निघाल्या तेव्हा फादरांनी आग्रहानं त्यांना वाटेत एक दिवस उतरवून घेतलं.

त्या फार वाळल्या होत्या. डोळ्यांवर साय आलेली. हातात तोच तांब्या, झाकणाला आता दोरी बांधलेली. त्याच ओसरीवर, त्याच बाकावर बसून त्यांनी तरुण फादरांना कोंडाबाईच्या मुलाची गोष्ट सांगितली. मी शेजारी होते म्हणून थांबल्या नाहीत.

"देव पाण्याला बांधलेला नाही, मार्थाबाई," फादर म्हणाले. "तुम्ही एका आईला दिलेला शब्द पाळलात. त्यासाठी देव त्या मुलाला दूर लोटेल असं मला वाटत नाही."

"वाटत नाही, की ठाऊक आहे, फादर?"

माणूस प्रामाणिक होता. "वाटत नाही," ते हळूच म्हणाले.

स्टेशनवर मार्थाबाईंना पोचवायला मी गेले. मी त्यांचा दंड धरला होता. त्यांना पायऱ्या दिसत नव्हत्या. निम्म्या वाटेवर मी म्हटलं, "मार्थाबाई, माझं चुकलं. फार चुकलं."

"तुम्ही पदर ओला होता म्हणालात. होताच तो ओला," त्या म्हणाल्या. "मी तरी तिथं गप्प का बसले? बोटं भिजवली होती मी. अर्धा शब्द तर मोडलाच होता. आणि हात मागं घेतला, तेव्हा देवाचंही अर्धंच राहिलं."

फलाटावर त्या बाकावर टेकल्या. पिशवीत हात घालून बोटं हलवत राहिल्या. या खेपेला मला काय ते ठाऊक होतं.

"रोज त्याच्यासाठी माळ जपते," त्या म्हणाल्या. "म्हातारे फादर म्हणायचे, ठाऊक आहे, त्याला दर्शन नाही. हे नवे म्हणतात, वाटतं, आहे. मी कुणाचं धरू? अकरा-बारा वर्षं झाली, कुलकर्णीबाई. झोपताना ते पोर डोळ्यांपुढं येतं. ओठांच्या कडेनं पाणी गळतंय असं."

गाडी आली. बायकांच्या डब्यात त्यांना खिडकीशी बसवलं, तांब्या मांडीवर दिला. त्यांनी खिडकीतून माझा हात धरला.

"तुम्हाला काय वाटतं हो? कुठं असेल ते?"

मला त्यांच्या धर्मातलं दाराआडून ऐकलेलं तेवढंच ठाऊक, आणि माझ्या धर्मातलंही मी कधी पडताळून पाहिलं नव्हतं. मरणानंतर काय होतं हे कुणाला विचारायचं, कुठे बोट बुडवून पाहायचं?

"देवापाशीच आहे ते," मी म्हटलं.

"नक्की?"

"नक्की. मला ठाऊक आहे."

माझा आवाज जराही हलला नाही. त्यांनी अंधुक डोळ्यांनी माझा चेहरा शोधला, आणि कपाळावरची आठी हळूहळू सुटत गेलेली मी पाहिली. गाडी हलली, तेव्हा त्यांनी माझा हात सोडला.

"बरं झालं," त्या म्हणाल्या. "तुम्ही म्हणता म्हणजे तपासूनच म्हणत असाल."